होडीवरची पाटी

काकाची होडी एकशे पाच रुपयांना गेली. विकली त्यानंच, पण भाव माझा होता.

आम्ही कासारवाडीत राहायचो. वडील कारखान्यात होते आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, पवनेवर मासे धरायचा. मी नववीत गेले त्या वर्षी नदीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. गिऱ्हाइकं मासा नाकाशी न्यायची आणि परत टोपलीत टाकायची. शेवटी काकानं भोसरीच्या एका कंपनीत काम धरलं. चालत जायला तासाच्या वर लागायचा. होडी विकायची आणि सायकल घ्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

होडीचा सौदा आमच्याकडे बैलबाजारासारखाच व्हायचा. दोघांच्या हातांवर पंचा टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं मात्र भलतंच बोलायचं. लाकूड कुजलंय, तुझी नियत कुजलीय, असलं काहीतरी, आणि तेही मोठ्यानं. नदीच्या पुलावरून माझ्या वर्गातल्या मुली जात-येत. पंच्याखाली हात घालून आरडाओरडा करणारा माझा काका त्यांना दिसू नये, असं मला वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. काकाला सांगितलं ते वेगळंच.

"हल्ली भाव लिहून ठेवतात. मग कुणी फसवत नाही."

"किती लिवायचा?"

"घेतली कितीला?"

"तीनशेला. धा वर्सं झाली."

आमच्या गणिताच्या पुस्तकात यंत्राची किंमत दरसाल दहा टक्क्यांनी घटायची. मी वही घेतली आणि दहा वेळा दहावा भाग वजा केला. उत्तर एकशे चार रुपये आणि वर काही पैसे आलं. मी पूर्ण एकशे पाच केले, काकाचं नुकसान नको म्हणून.

तो वहीकडे बराच वेळ बघत राहिला. "येवढं समदं करून येवढंच येतं व्हय?"

"जुनी आहे ना ती."

"बरं," तो म्हणाला. "शिकलेलं मानूस म्हंतंय."

होडी सगळी सागवानी होती. दर उन्हाळ्यात तो ती पालथी घालून भेगांमध्ये काथ्या ठोकायचा, वरून डांबर लावायचा. माझ्या वहीत हे कुठंच नव्हतं. पुठ्ठ्यावर मी सुबक अक्षरात आकडा लिहिला आणि पाटी होडीला बांधली.

रविवारी तळवड्याहून एक म्हातारा आला. तो इंद्रायणीवर जाळं टाकायचा. त्यानं फळ्यांवर बोटं वाजवून पाहिली आणि मग त्याला पाटी दिसली.

"काय राव, दुकान टाकलं का काय?"

"आमची पोरगी विंग्रजी शाळंत हाय. तिनं हिशेब केलाय."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. "एकशे पाच?"

काकाच्या खांद्यावर धुतलेला पंचा होता. त्याचा हात पंच्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"लिवलंय त्ये लिवलंय," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं एका रुपयाची घासाघीस केली नाही. बंडीच्या खिशातून नोटा काढून त्यानं घाईघाईनं काकाच्या हातात कोंबल्या. त्या घाईनंच मला कळलं. माझी चूक झाली, थांबा, एवढं म्हणायला वेळ होता. मी पुलाकडे बघत उभी राहिले. पुलावर त्या वेळी कुणीही नव्हतं.

एकशे पाचात धड जुनी सायकलही मिळाली नाही. घराच्या गळक्या पत्र्यापायी तेही पैसे संपले. काका दोन वर्षं पायी कामावर गेला. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला की कुणी न सांगता मी ती मोच्याकडे न्यायची. तेवढंच मला जमत होतं.

आता मी नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या अंगणात बसले असताना मी एकदाचं विचारलं, "होडीला खरा भाव काय आला असता?"

"जाऊ दे की त्ये."

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"पाटी तुझ्या अक्षरात व्हती, पोरी. चार लोकांत कशी काढू?"

मी उठले नाही. मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. माझी चार बोटं एकत्र धरून त्यानं दाबली. शंभराची चार.

ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या काकूनं मान वर केली. "काय चाललंय गं दोघांचं?"

"काय न्हाई," काका बाजारातल्यासारखा मोठ्यानं म्हणाला. "पोरगी म्हनतीया, होडी कुजलेली व्हती."

पंच्याखाली माझी बोटं त्यानं अजून सोडली नव्हती.