तांबड्या ज्वारीची पहिली भाकर

नागपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबांनी खिडकीतून एवढंच विचारलं, "तिकडं विहिरीले पाणी असते ना गा?" लोक मुलाला परदेशी धाडताना तब्येत जप म्हणतात; आमच्या बाबांना विहिरीची पडली होती. मौद्याकडच्या आमच्या गावची विहीर दुष्काळात तळाला गेली होती, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी हटलंच नाही.

त्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी यायची. आई रोजची पहिली भाकर आमच्या बैलाला, पवळ्याला द्यायची. तो मिटक्या मारत खायचा आणि आमच्या घशाखाली ती उतरायची नाही. बाबा आईला म्हणाले, "पाह्य वं, त्याले कशी गोड लागून राहिली. आपण त्याच्या वाट्याचं खाऊन राहिलो."

अमेरिकेत कॅन्ससमध्ये मला विहिरींच्या पंपांवर नोकरी मिळाली, आणि तीच ज्वारी समोर आली. नजर पोचेल तिथवर तांबडी कणसं. सगळी ढोरांसाठी, आणि ढोरं खाटकासाठी. मटण आमच्याही घरी व्हायचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला, नाहीतर पाहुणा आला की. इथं मांस रोज तिन्ही त्रिकाळ, आणि त्यापायी जमिनीखालचं पाणी उपसणं चाललेलं. दरवर्षी आम्ही पाइप आणखी खाली सोडायचो. शेजारचा म्हातारा शेतकरी त्याच्या कोरड्या पंपाशी उभा राहिला, तेव्हा मला बाबाच दिसले.

सुट्टीत घरी हे सांगितलं. बाबा म्हणाले, "आपली तं पाणी पडलं नाही म्हणून आटली. त्याइची काहून आटून राहिली?" आईचं वेगळंच. "एवढ्या ढोरायले भाकर कोण देते गा?"

आता दोघंही नाहीत. गोठा मोकळा आहे, भावानं ट्रॅक्टर घेतला. इकडे कॅन्ससमध्ये शेजारचा म्हाताराही घर बंद करून मुलीकडे शहरात गेला. तो गेला तेव्हा मला रडू आलं. घर कुठलं असं कोणी विचारलं की मला तो गोठाच आठवतो. तिथं पहिली भाकर कोणाची, हे विचारावं लागत नव्हतं.

रविवारी मी त्याच तांबड्या ज्वारीच्या भाकरी थापतो. पहिली घेऊन मागच्या दारात जातो. तारेपलीकडे खाटकासाठी पोसलेली हजारो ढोरं उभी असतात. कोणाला द्यावी ते कळत नाही, आणि भाकर हातातच गार होते.