पूर्णा गाव, एक विहीर आणि आमचे वकीलसाहेब

काका मालवणहून ठाण्याला माझ्याकडे आले ते ठरवूनच, की भिवंडीकडे जायचं आणि गाडी मी चालवायची. त्यांचे खापरपणजोबा आधी पलटणीत सुभेदार, मग भिवंडीत वकील, शेवटी नगरपालिकेत सभासद. त्यांचं चरित्र काका आमच्या कुलसंमेलनात वाचणार होते. पूर्णा गावात त्यांनी बांधलेली विहीर तेवढी बघायची राहिली होती.

तुम्ही जाणार असाल तर रविवारी सकाळी निघा. आम्ही मंगळवारी दुपारी निघालो. कशेळीचा पूल ओलांडला आणि काल्हेरला ट्रकांच्या रांगेत अडकलो. खड्डे असे की गाडी पहिल्या गिअरमधून बाहेर येईना. तेवढ्या वेळात काकांनी वकीलसाहेबांची अख्खी कारकीर्द मला दोनदा ऐकवली.

पूर्ण्यात जो तो गोदामाचा पत्ता सांगायला तयार, विहीर कुणालाच माहीत नाही. एका फाटकावरच्या रखवालदाराला गोदामातल्या गाळ्याचाच नंबर हवा होता, "गाला नंबर बोलो, मॅडम." काका म्हणाले, "गाला नही, पुराना कुआँ." त्याने आम्हाला टँकरवाल्याकडे पाठवलं.

शेवटी गोदामांमागच्या गावठाणात, ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या एक आजी भेटल्या. वकीलसाहेबांचं नाव ऐकताच म्हणाल्या, "पलटनीतला वकील ना? हाय की हीर. आमच्याच जागेत बांधलीय त्यानी."

"तुमच्या जागेत?"

"माझ्या सासऱ्याचा आजा आनि त्याचा भाव, दोघं भांडलं. दोघांनाबी सल्ला ह्याचाच. खटला सरला तवा शेत ना ह्याला, ना त्याला. वकिलाचं झालं."

काका उसळले. "ऐकीव गोष्टी आहेत या."

"ऐकीवच हाय," आजी शांतपणे म्हणाल्या. "तुमी काय डोल्यांनी बघलंय? बसा, भाकर खाऊन जावा."

काका गाडीत जाऊन बसले. मला भूक लागली होती. तांदळाची भाकरी आणि सुकट, अख्ख्या प्रवासातली हीच काय ती सुखाची गोष्ट. मग आजींनी विहीर दाखवली. गोदामाच्या भिंतीला खेटून, वर लोखंडी जाळी, आत पंप.

परतताना पुन्हा काल्हेर, पुन्हा ट्रक. काका एकदम म्हणाले, "गाडी फिरव. त्या भावांची नावं विचारायला हवीत."

"काका, इथे फिरवायला जागा नाही आणि माझ्यात त्राण नाही."

"फिरव गं."

दात-ओठ खात फिरवली. या खेपेला काका बसले, भाकरी खाल्ली, नावं विचारली. गोमा आणि पदू.

घरी येऊन काकांनी चरित्रात ते सगळं घातलं. संमेलन भरवणारे काकांचे चुलतभाऊ म्हणाले, एवढं गाळून वाचा. काका म्हणाले, "अर्धा माणूस मी वाचणार नाही." मग कार्यक्रमातून त्यांचं वाचनच गेलं.

माझा वैताग अजून उतरलेला नाही. पण घरात कुणी वकीलसाहेबांचं कौतुक सुरू केलं, की मी विचारते, गोमा आणि पदू पुढे काय करून जगले? काकांखेरीज कुणालाही तो प्रश्न आवडत नाही.