मेसचं लॉनमोवर आणि भिवा फिटर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबई पेटली तेव्हा मी कुलाब्याच्या छावणीत लान्स नाईक होतो. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आमची पलटण स्टँडबाय होती. हुकूम आला की शहरात उतरायचं. माझं घर घोडपदेवला. आपल्याच माणसांवर रायफल रोखायची पाळी येऊ नये, एवढंच मी देवाकडे मागत होतो. ती पाळी आली नाही. आलं ते वेगळंच.

ऑफिसर्स मेसच्या लॉनमोवरचं इंजिन तेल गाळत होतं. एका सिलिंडरचं एवढंसं इंजिन, पण हिरवळीवर काळे डाग पाडत सुटलेलं. शनिवारी जनरलसाहेब येणार होते. मी दोनदा सांध्यातलं गॅस्केट बदललं, दोन्ही वेळा परत गळायला लागलं. सुभेदारसाहेब नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

"परब, ये मशीन है या म्हैस?"

"साब, लालबाग में एक फिटर है. अपना दोस्त है."

"ले जाओ. चौदा सौ बजे वापस."

हा दोस्त म्हणजे भिवा गावडे. आम्ही दोघं कणकवलीकडच्या एकाच वाडीतले. तो गिरणीत फिटर. चाळीच्या तळमजल्यावर राहायचा आणि दारापुढच्या पडवीत बाकडं टाकून दुरुस्तीची कामं करायचा. शहर दोन दिवस शांत होतं. साडेआठला गाडीने मला इंजिनासकट त्याच्या दारात सोडलं. एक वाजता न्यायला येणार होती.

"हय माणसां मरतत, आणि तुमच्या सायबाक गवताची हजामत होयी?" भिवा म्हणाला. रखमावहिनी, त्याची बायको, आतून हसली.

त्याने इंजिन उलटंपालटं केलं. "गळता थंय बघू नको. ह्येका श्वास घेवक वाट नाय, म्हणान तेल वाट काढता."

खरंच, ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारं भोक, गवताच्या भुशाने गच्च बुजला होता. भिवाने तो रॉकेलने धुतला. ब्राऊन पेपर केसिंगवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत नवं गॅस्केट कापलं. जुनंच तेल गाळून परत भरलं. दुरुस्ती झाली की इंजिनाखाली पांढरा कागद अंथरायचा, ही त्याची रीत. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं. कागद कोरा.

"झाला. घेवन जा."

"नवं तेल घालायला पाहिजे," मी म्हणालो.

"अरे, ह्याच चलतला."

"मिलिटरीत असलं चालत नाही. नियम म्हणजे नियम. नाक्यावरून बाटली आण, तोवर मी नट आवळतो."

"आयलो मोठो लान्स नाईक!" असं म्हणत तो गेला. घड्याळात दहा पन्नास झाले होते.

अकराच्या सुमाराला नाक्यावर घोषणा सुरू झाल्या. मग दगड. मग अश्रुधुराची नळकांडी. आणि मग थ्री-नॉट-थ्री रायफली. तो आवाज मला झोपेतही कळतो. मी धावलो. ट्रामच्या रुळांवर एक माणूस पालथा पडला होता, डोक्याची एक बाजू नव्हती. एक बाई हाताने पोट दाबून भिंतीला धरून चालली होती, आणि चार पावलांवर कोसळली. धुराने डोळे फुटायची वेळ आली. भिवा दुकानाच्या पायरीवर बसला होता. मांडीत गोळी. रक्त उसळत होतं. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"फुटूक नाय," तो म्हणाला.

मी त्याला खांद्यावर टाकून पडवीत आणला. माझा पट्टा मांडीला बांधला, त्यात दहा नंबरचा स्पॅनर घालून पिळला. वेळ पाहिली. अकरा दहा. गोळी लागली तो दंगलखोर, हा पोलिसांचा न्याय. रुळांवरचे जखमी ते लाथा घालून व्हॅनमध्ये फेकत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. परळला ओळखीचे डॉक्टर होते. वाटेत पोलिसांचं नाकं.

शेजारची हातगाडी घेतली. भिवाला आडवा केला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर मोवरचं इंजिन. "मी येतंय," वहिनी म्हणाली. मी तिला मागे ढकललं. पट्टा पिळूनही फळ्यांमधून रक्त ठिबकतच होतं. मी स्पॅनर घेतला आणि इंजिनाचा ड्रेन प्लग, तेल सोडायचं बूच, अर्धा आटा सैल केला. सकाळभर खपून बंद केलेली गळती मीच उघडली. काळं तेल रक्तावर ठिबकायला लागलं.

पोलिसांच्या नाक्यावर एका तरुण इन्स्पेक्टरने अडवलं. "काय आहे?"

"मिलिटरीचं इंजिन. दुरुस्तीला."

"पास दाखव. थांब इथे."

आठ मिनिटं त्याने पास उलटसुलट पाहिला. त्याच्या नरडीला हात घालावासा वाटत होता. मी अटेन्शनमध्ये उभा. एक म्हातारा हवालदार वाकला, थेंबाखाली बोट धरलं. बोटावर काळ्याबरोबर लाल होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बोट स्वतःच्या चड्डीला पुसलं.

"तेल आहे, साहेब. इंजिन गळतंय."

पुढच्या वळणावर ताडपत्रीखालून आवाज आला. "आटो किती सोडलस?"

"अर्धा."

"बास. सगळा सांडू नको."

ते त्याचं शेवटचं बोलणं. अकरा पस्तीसला दवाखान्यात पोहोचलो. अकरा पन्नासला भिवा गेला. पोलीस वहिनीच्या दारात नकोत म्हणून मीच डॉक्टरांचे पाय धरले, "गिरणीत अपघात झाला असं लिहा." त्यांनी लिहिलं, यंत्रात सापडून मृत्यू.

गाडी येऊ शकली नाही. इंजिन हातगाडीवर ओढत संध्याकाळी छावणीत पोहोचलो. "लीक गया?" सुभेदारांनी विचारलं. "गया, साब." प्लग आवळला, भिवाच्या बाटलीतलं तेल भरलं. शनिवारी त्याच मोवरने मी लॉन कापलं. डाग पडला नाही.

तेराव्याला वहिनीने विचारलं, "त्यांका तेल आणूक कोणी धाडल्यान?"

"मी."

तिने पान वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जेवान जा."

महाराष्ट्र झाला. मुंबई आपल्याला मिळाली. चळवळीत पडलेल्यांच्या याद्या झाल्या. मी अर्ज घेऊन गेलो, तर कारकुनाने अर्जाला जोडलेला मृत्यूचा दाखला पुढे केला. "हा तर अपघात." माझ्याच सांगण्यावरून लिहिलेला कागद.

म्हणून आता इथे लिहितो. भिवा गावडे, फिटर, लालबाग. पोलिसांच्या गोळीने मेला. यंत्राने त्याला आयुष्यात कधी साधं खरचटवलं नव्हतं.