मंजिरीच्या टाकीतलं तेल

मनीषा वाल सोलत होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले होते. अर्धे सोलून वाडग्यात पडले होते, अर्धे अजून सालासकट तरंगत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात पोलीस हेलन उभी होती. पाच-सहा गावांच्या गस्तीला मिळून ही एकच बाई. तिची गाडी गल्लीत दिसली की लोक आधी कुणाचं मेंढरू चोरीला गेलं ते विचारतात.

या खेपेला मेंढरू नव्हतं, तेल होतं. इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या या कोपऱ्यात गॅसची लाइन नाही. प्रत्येक घरामागे हिरवी टाकी असते, तिच्यातल्या तेलावर बॉयलर चालतो, आणि बॉयलरवर घराची ऊब. शेजारच्या मंजिरीची टाकी कुणीतरी उपसून नेली होती. काल, गुरुवारी, बॉयलर बंद पडला तेव्हा कळलं. मंगळवारी दुपारनंतर मंजिरीच्या नवऱ्याने, अजयने, सकाळी घट्ट असलेलं टाकीचं झाकण सैल पाहिलं होतं, पण वाऱ्याने झालं असेल म्हणून सोडून दिलं होतं. म्हणजे चोरी मंगळवारी सकाळी झाली असावी. हेलनने विचारलं, मंगळवारी सकाळी मागच्या बाजूला काही दिसलं का?

मनीषा म्हणाली, नाही. आपण देवाचं वाचायला बसलो होतो. हेलनने वहीत टिपलं, आभार मानले आणि गेली.

ते 'नाही' खोटं होतं.

मनीषा ही तशी खोटं बोलणारी बाई नव्हे. सतरा वर्षांपूर्वी ती अलिबागहून नवऱ्याच्या, परीक्षितच्या, मागे इथे आली. त्याला दुधाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी होती. पंचवीस मैलांत दुसरं मराठी घर नव्हतं. पहिल्याच जानेवारीत बर्फ पडला आणि टाकी कोरडी झाली, कारण तेल आपणच मागवायचं असतं हे दोघांना ठाऊकच नव्हतं. तेव्हा गल्लीच्या वरच्या टोकाचा कीथ दोन कॅन उचलून आला होता. कीथ गावाचा तेलाचा क्लब चालवायचा. दर तीन महिन्यांनी घरोघर फिरून टाकीत काठी बुडवायची, किती उरलं ते लिहायचं आणि सगळ्यांची ऑर्डर एकत्र द्यायची, म्हणजे भाव उतरतो. मनीषाच्या घरात तो आपण होऊन बूट काढून यायचा. गावात तेवढा एकटाच.

हळूहळू मनीषाचं बस्तान बसलं. टेलफर्डला, श्रूजबरीला मराठी कुटुंबं आली, आणि त्यांचा गणपती म्हणजे मनीषाचा गणपती. कुणाच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू मनीषाचे, कुणाच्या मुंजीला गुरुजी मनीषाने शोधलेले. चर्चच्या फेटमध्ये, म्हणजे जत्रेत, तिच्या बटाटेवड्यांना रांग लागायची. वरवर ती म्हणायची, देवाची सेवा, माझं काय त्यात. पण मनातून तिला ते हवं असायचं, जेवणाला मीठ लागतं तसं.

मग तीन वर्षांपूर्वी स्लाऊचं घर विकून अजय आणि मंजिरी शेजारी राहायला आले. मंजिरी बारा वर्षांनी लहान, बोलायला तरतरीत आणि कामाला वाघ. पहिल्या वर्षी तिने मनीषाताईंच्या हाताखाली मोदक वळले. दुसऱ्या वर्षी गणपती व्हिलेज हॉलमध्ये गेला, माईक आला, ढोल आले, आणि लोक 'मंजिरीचा गणपती' म्हणू लागले. चोरांवर नजर ठेवणाऱ्या नेबरहुड वॉचची प्रमुख मंजिरी. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी मंजिरी. परीक्षितने तिच्या अळूवड्यांना दोनदा छान म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मनीषाने त्याच्या पुढची डिश उचलून नेली. पण खरा घाव पोस्ट ऑफिसातल्या बाईने घातला. सतरा वर्षं जिच्याकडून मनीषाने पार्सलं पाठवली, ती हसून म्हणाली, "गुड मॉर्निंग, मंजिरी."

त्या दिवशी मनीषाने घरी येऊन फरशी दोनदा पुसली.

आणि आता मंगळवार. मनीषाचा सप्ताह चालू होता, सहावा दिवस. सात दिवसांत पोथी पूर्ण करायची, वाचायला बसलं की अध्याय संपेपर्यंत आसन सोडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. चौरंग मागच्या खिडकीपाशी मांडलेला, तिथून मंजिरीचं अंगण पूर्ण दिसतं. अकराच्या सुमारास तिथे छोटा पांढरा टँकर येऊन लागला. नारिंगी हातमोजे घातलेल्या उंच माणसाने पाइप ओढत टाकीपर्यंत नेला. पंप सुरू झाला, पाइप थरथरू लागला. त्या माणसाने खिडकीतल्या मनीषाकडे बघून हातसुद्धा केला.

चोर असा हात करतो का? पण खरं सांगायचं तर चोर हा विचारच तिच्या मनाला शिवला नाही. आदल्या आठवड्यात क्लबचं तेल आलं तेव्हा पुरवठा कमी म्हणून प्रत्येकाला निम्मंच मिळालं होतं. मनीषा तेव्हापासून बॉयलर जपून लावत होती, घरात शाल पांघरून बसत होती. आणि इथे बाईसाहेबांसाठी वेगळा टँकर! कुणाच्या ओळखीने आणला असेल? आता रात्रंदिवस ऊब, आणि वर ग्रुपवर आपल्याला काटकसरीच्या टिप्स देणार. मनीषाने एकच ओवी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा तिला शब्द दिसले नाहीत. तेल टाकीत चाललंय की टाकीतून, हे पाहण्याइतकी नजर तिच्यापाशी उरलीच नव्हती.

म्हणून हेलनला ती नाही म्हणाली. पाहिलं म्हणायचं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग बोलला का नाहीत?

शुक्रवारी संध्याकाळी मंजिरी टॉवेल घेऊन आंघोळीला आली. नवं तेल यायला आठवडा लागणार होता. मनीषाने तिला गरम पाणी दिलं, आल्याचा चहा दिला, "लाजू नकोस गं, तुझंच घर आहे" असंही म्हटलं. आणि मंजिरी कुडकुडत पायऱ्या चढत असताना तिला जे वाटलं त्याला दया हे नाव देता येत नव्हतं. ते गोड होतं. देवापुढे दिवा लावताना तिने निरांजनाकडेच बघितलं, वर मूर्तीकडे बघितलं नाही.

चहा पिताना मंजिरी म्हणाली, काम गावातल्याच माणसाचं आहे. कुणाच्या टाकीत किती तेल, हे कुणाला माहीत असतं? रात्री तिने हेच ग्रुपवर टाकलं, नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती. शनिवारी हेलनने कीथची शेड तपासली. रविवारी कीथ चर्चला आला नाही.

सोमवारी सकाळी तो मनीषाच्या दारात उभा राहिला. हातात क्लबची फाइल होती. नेहमीसारखे बूट काढायला तो वाकला नाही. आपण क्लब सोडला, फाइल मंजिरीला द्या म्हणाला, तिच्या दारात जायची आपली इच्छा नाही. मनीषाने आत या म्हटलं तर मान हलवली. एवढंच म्हणाला, की चौऱ्याहत्तर वर्षं या गावात काढली, पण आपल्या शेडचं दार उघडायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग सावकाश चढ चढत निघून गेला.

मनीषा फाइल घेऊन तडक शेजारी गेली. मंजिरी किचनमध्ये कोट घालून बसली होती, पायाशी छोटा हीटर. फाइल पाहून म्हणाली, "बघा ताई, स्वतःहून सोडलं. मनात काही नसतं तर सोडलं असतं?"

"कीथ नव्हता तो," मनीषा म्हणाली. "मी पाहिलं त्याला. उंच होता, तरुण. पांढरा टँकर, मागचा एक दिवा फुटलेला."

मंजिरी बघतच राहिली. "तुम्ही पाहिलंत? मग..."

"मी पारायणाला बसले होते."

मंजिरीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला. "अगंबाई, मंगळवारी तुमचा सप्ताह होता, नाही का. पारायणातून कशा उठणार तुम्ही! हेलनला मी समजावून सांगते, तुम्ही टेन्शन घेऊ नका." तिने फोनसुद्धा उचलला.

सुटका समोर चालून आली होती, आणि देत कोण होतं, तर मंजिरीच. मनीषाने नुसती मान हलवायची होती. पण मग ती सात दिवसांची सेवा आपल्या लबाडीवर पांघरूण म्हणून जन्मभर राहिली असती. ते तिला सोसवेना.

"त्या दिवसाचं वाचन बाराला संपलं," ती म्हणाली. "नंतर तुला फोन करता आला असता. मला वाटलं तुला जास्तीचं तेल मिळतंय. मी जळत होते तुझ्यावर. आजची गोष्ट नाही, तीन वर्षं जळतेय."

मंजिरीने फोन खाली ठेवला. म्हणाली, "आणि मी तीन दिवस तुमच्याकडे आंघोळ करतेय, ताई."

"हो."

"हेलनला असंच सांगणार?"

"असंच."

मंजिरीने फोन टेबलावरून तिच्याकडे सरकवला. पाणी विचारलं नाही, खुर्ची दिली नाही. मनीषाने उभ्यानेच हेलनला सगळं सांगितलं, शुक्रवारी खोटं बोलले हेही. हेलन म्हणाली, उद्या दहा वाजता जबाब लिहून घ्यायला येते.

फोन ठेवेपर्यंत मंजिरी नाक पुसून सरळ बसली होती. तिचं तिच्याशीच पुटपुटणं चाललं होतं. चूक आपलीही झाली, ग्रुपवर माफी टाकायला हवी, आणि कीथना आपणच आत्ता जाऊन सॉरी म्हणून यावं. ती बूट शोधू लागली.

मनीषा तिचं ते बूट शोधणं बघत होती. म्हणजे माफीसुद्धा हीच आधी मागणार, आणि गाव म्हणणार, काय मोठ्या मनाची मुलगी! एवढं होऊनही हे मेलं जळणं जात नाही, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पण कीथला परत द्यायला फाइल तिने उचललीच.

"तू ग्रुपवर लिही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले तेही लिही. कीथकडे आधी मी जाते."

आणि ती गल्ली चढून कीथच्या घरी जायला निघाली.