दात दिसले की फोटो बाद!

फोटो स्टुडिओची एक गंमत असते. काढलेले फोटो लोक घरी घेऊन जातात आणि त्यामागचा गोंधळ आमच्याकडं सोडून जातात. परभणीत स्टँडमागच्या गल्लीतल्या आमच्या स्टुडिओत असले गोंधळ इतके साठलेत, की चहा आला की एकानं एक काढायचा आणि दुसऱ्यानं "हे तर काहीच नाही" म्हणून पुढचा सुरू करायचा!

आमचा म्हणजे खरं तर गोविंदमामांचा. माझे सख्खे मामा. पस्तीस वर्षं याच धंद्यात आहेत, आणि त्यांचे नियम तीन. मान सरळ पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि दात दिसले की फोटो बाद! दुसरे मुनीरभाई, लग्नाचे व्हिडिओ करतात आणि बाकीचा वेळ आमच्या भांडणात पंच म्हणून बसतात. तिसरी मी, मंगल. संभाजीनगरला फोटोग्राफीचा कोर्स केला आणि येताना एक खूळ घेऊन आले, की माणसाचा फोटो त्या माणसासारखा आला पाहिजे.

गेल्या दिवाळीत मामांनी या खुळाला मुदत घातली.

"हे बग मंगे, आपल्याकडं हसरा फोटो कोणी बैठकीत लावीत न्हाई. पुढच्या दिवाळीपस्तोर एखाद्या घरानं म्हाताऱ्या माणसाचा हसरा फोटो भिंतीला लावलेला दाखव. शोकेस तुझं, लाईट तुझे, स्टुडिओ तुझ्या मनानं चालव. न्हाईतर ती तुझी थेरं बंद. पांढऱ्या पडद्यापुढं पासपोर्ट फोटो काढायचे, जन्मभर!"

मुनीरभाई म्हणाले, "लिख के लेऊं क्या?"

मी हो म्हटलं. पासपोर्ट फोटो मी दिवसाला वीस काढते. त्यातला एकही माणूस मला नंतर रस्त्यात ओळखू येत नाही.

*

पहिला प्रयोग उजेडाचा. नुकतेच रिटायर झालेले एक गुरुजी आले. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. खिडकीकडची बाजू उजळलेली, दुसरी डोळ्यासकट सावलीत. काय फोटो आला होता! कपाळावरची आठी न् आठी बोलत होती. गुरुजी पण खूश. मित्रमंडळींनी तोच निरोप समारंभाच्या बॅनरवर छापला.

आठ दिवसांनी गुरुजी पिशवीभर केळी घेऊन हजर.

"घे, तुझ्यामुळंच आलेत. तीन दिवसांत अकरा जण भेटायला येऊन गेले. समदे एकच विचारायलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन कवा झालं?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं?"

"पयले दोन दिवस समजून सांगितलं, की बाबांनो सावली हाय ती. कोणाला पटंना. कालपासून 'आता बरंय' म्हणायलोय!"

मामांनी त्यातलं एक केळं सोललं आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं मुनीरभाईंना म्हणाले, "उजेड दोन्हीकडून द्यावा. मान्साला दोन बाजू आस्तेत."

*

मग मी फोटोतल्या मांडणीकडं वळले. एका मुलीचा स्थळासाठी फोटो काढायचा होता. कोर्समध्ये शिकवलं होतं, माणूस मधोमध ठेवू नये. मी तिला डाव्या बाजूला बसवलं, नजर उजवीकडं, आणि उजवीकडची सगळी जागा मोकळी सोडली. मुलगी कुठल्यातरी छान विचारात असल्यासारखी दिसत होती.

चार दिवसांनी तिचे वडील तणतणत आले. "पोराकडच्यांचा फोन आला होता. म्हणायलेत, फोटोत उजवीकडून कोणाला कापलंय?"

मी म्हटलं, "काका, कोणाला नाही कापलं. ती मोकळी जागा नजरेसाठी असते."

"नजरंला जागा कशाला पाहिजे? पोरगी समोर बगंल की!"

मुनीरभाईंनी तोडगा काढला. मुलीला पुन्हा बोलवा, फोटो तसाच काढा, फक्त त्या जागी एक मोठी फुलदाणी ठेवा. ठेवली. फोटो गेला. दोन दिवसांनी वडील परत दारात उभे. चेहरा पडलेला.

"आता काय झालं?"

"विचारायलेत, फुलदाणीमागं कोण हाय?"

शेवटी मामांनी तिला मधोमध बसवलं, दोन्ही कान दाखवले आणि एका दणक्यात लग्न जमलं. लग्नात मामांनी जिलेबी दोनदा घेतली. दोन्ही वेळा माझ्याकडं बघून!

*

आता चेहऱ्यावरच्या भावाचा किस्सा. समोर कॅमेरा आला की आपल्याकडचा माणूस राष्ट्रगीताला उभं राहिल्यासारखा ताठ होतो. पाथरीहून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. घामाघूम. मुठी आवळलेल्या.

मी म्हटलं, "काका, इतकं टेन्शन घेऊ नका. घरी बसता ना, अगदी तसंच बसा."

"तसंच?"

"अगदी तसंच."

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. एक पाय खुर्चीवर घेतला. मामांचा पेपर मागून घेतला. मी लाईट सरकवून कॅमेऱ्याशी परत येईपर्यंत पेपर छातीवर, मान मागं, आणि घोरणं सुरू! मुनीरभाई तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाले. मी मात्र फोटो काढला. इतका खरा चेहरा मला परत मिळाला नाही.

काकूंना स्क्रीनवर दाखवला. त्यांनी पदर तोंडाला लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "अगं माय, हुबेहूब हेच हायेत!"

मला वाटलं, हसरा नसला तरी हा भिंतीला लागणार! मी फ्रेमची मापं विचारायला लागले.

"हा न्हाई गं," काकू म्हणाल्या. "भिंतीला लावायला ह्यांना उठवून काढलेला दे."

*

कापसाचे दिवस आले. मुनीरभाईंच्या ओळखीच्या एका शेतात वेचणी चालू होती. मी रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोल घेऊन गेले होते, पण तो बाहेर काढावाच लागला नाही. वेचलेल्या कापसाचा हा मोठा ढीग! त्याच्यावर ऊन पडत होतं आणि तिथून ते इतकं मऊ होऊन बायकांच्या तोंडावर येत होतं की मी बघतच राहिले. सहा बायका ढिगाला टेकून भाकरी खात होत्या, एकमेकींची टिंगल करत होत्या. मी काढतच सुटले. त्यांच्यात सगळ्यात वयस्कर होत्या सखूबाई, समोरचे दोन दात पडलेल्या, आणि हसणं त्या मोकळ्या जागेतून नुसतं सांडत होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओसमोर टमटम थांबली. सहाही जणी उतरल्या. नवी लुगडी, नव्या साड्या, डोक्यावर पदर, तोंडाला पावडर.

सखूबाई म्हणाल्या, "काल आमी कामात होतो. आता काढ फोटो."

तोंडं मिटून सहा जणी ओळीत उभ्या राहिल्या. मामांनी फोटो काढला. मला रडू यायचं बाकी होतं. मी आत जाऊन उगीच तारा गुंडाळत बसले.

जाताना सखूबाई एकट्याच माघारी फिरल्या. "ते कालचं दातपडकं, हसणारं एक दे. ऊसतोडीला चाललोत दोन दिसांत. तिकडं नेते."

मी तारा खाली टाकल्या. "तिथं भिंतीला लावणार?"

"कोपी म्हंजे पाचटाची झोपडी, तिला कुठली आली भिंत, माय! पेटीत ठेवते. कटाळा आला की काढून बघीन."

मी पळत जाऊन मामांना सांगितलं. मामांनी फोटो नीट बघितला. मग म्हणाले, "फोटो चांगला हाय. पण पेटी म्हंजे भिंत न्हाई."

मुनीरभाईंनी निकाल दिला, "बात बराबर है."

*

उन्हाळ्यात पोखर्णीकडच्या एका गावातून किशनतात्या आले. वय ऐंशीच्या पुढं. सोबत दोन मुलं. येण्याचं कारण तात्यांनीच मोठ्यानं सांगितलं. "हार घालायचा फोटो काढायचाय! मागून पोरं आधार कार्डावरला मोठा करत्याल, आन् त्याच्यात मी चोरावानी दिसायलोय."

मामांनी सूत्रं हातात घेतली. मान सरळ केली, टोपी नीट केली, कान मोजले. "आता श्वास रोखा."

तात्यांनी रोखला. तेवढ्यात मामांना लाईट वाकडा वाटला. तो सरळ केला. मग पडद्याला चुणी दिसली. ती काढली. तात्यांचा रंग बदलायला लागला. धाकटा मुलगा घाबरून ओरडला, "मामा, हारच घालायचाय, पर आज न्हाई!"

आणि तात्या फुटले! श्वास, खोकला, हसू, डोळ्यांत पाणी, सगळं एकदम. मी बाजूला कॅमेरा घेऊन उभीच होते. खिडकीचा उजेड डावीकडून अगदी नेमका पडला होता.

फोटो बघितल्या बघितल्या तात्या म्हणाले, "हाच!"

मुलं म्हणाली, "तात्या, लोक काय म्हणतील?"

"लोक रडायलाच येणारेत. एक तरी माणूस हसायला नको का?"

फ्रेम झाली. मी हरखून गेले. पण मोठ्या मुलानं ती कापडात गुंडाळली. "आता पेटीत ठेवतो. येळ आली की लावू."

झालं! पैज जिंकायची तर तात्यांनी जायला पाहिजे! असला विचार मनात आला याचीच मला लाज वाटायला लागली. तात्यांना मात्र मुनीरभाईंनी सगळी पैज रंगवून सांगितली होती. बाजाराला आले की ते आमच्या दारात उभे राहायचे आणि ओरडायचे, "अजून हाय बरं का! फोटो पेटीतच हाय!"

मी म्हणायचे, "तात्या, शंभर वर्षं जगा."

"मंग तुझा स्टुडिओ?"

पोळा झाला, गणपती झाले. मामांनी नवा पांढरा पडदा आणला आणि माझ्यासमोर घडी करून ठेवला. मनानं मी हरलेच होते.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी तात्या आले. या वेळी ओरडले नाहीत. आत येऊन बसले, पाणी प्याले.

"फोटो लावला."

"लावला? पण तुम्ही तर..."

"मी इचार केला. मी गेल्यावर गाव बगंल, मामा बगतील, तू बगशील. मंग मी कवा बगू? दसऱ्याला या दोघं. डोळ्यानं बगा."

*

दसऱ्याला दुपार कलल्यावर मामांच्या मोटरसायकलवर आम्ही दोघं निघालो. पुरावा पाहिजे म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात. तात्यांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. घरात कोणाचा आवाज नव्हता, दार सताड उघडं होतं. उंबऱ्यातूनच समोरची भिंत दिसली. फोटो लावलेला होता. मनापासून हसणारे किशनतात्या.

आणि फोटोला झेंडूचा ताजा हार!

माझे पाय तिथंच थांबले. तीनच दिवस झाले होते. माझ्या ग्लासातून पाणी प्याले होते. पैज, शोकेस, स्टुडिओ, सगळं क्षणात फालतू वाटलं.

मामा पुढं झाले. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. जन्मात त्यांचं टक्कल मी आज पहिल्यांदा बघत होते. दारातून आलेलं उतरतं ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं. त्यांनी फोटोपुढं हात जोडले, डोळे मिटले. "लय मोठा माणूस," असं काहीतरी पुटपुटले.

"घ्या सोनं!"

मामा गर्रकन वळले. माझ्या मागं अंगणातून तात्या आलेले, हातात आपट्याची पानं. मामांचे जोडलेले हात तसेच. तोंड उघडं. डोळे आधी तात्यांवर, मग फोटोवर, परत तात्यांवर. माझ्या बोटानं मला न विचारता बटण दाबलं.

"हार?" मामांना एवढंच बोलता आलं.

"सूनबाईनं समद्याला घातले. टॅक्टरला घातला, गिरणीला घातला, टीव्हीला पण घातला. एक उरला, तो मला!" तात्या खाली टेकले. "सकाळधरनं तिघी रडून गेल्या. एकीला तर मीच पाणी दिलं."

मामा खाटेवर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडं हात केला. मी घाबरत घाबरत कॅमेरा दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. एकदा बघितलं. मोठं करून बघितलं. फोटोत वरचे, खालचे, झाडून सगळे दात दिसत होते.

"टकलावर उजेड बरा पडलाय," मामा म्हणाले. "शोकेसला लावणार आसशील तर मोठा काढ."