ओली लडी, काळा टीव्ही

मी हायस्कूलात एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतो, त्यामुळे आमच्या घरातली कोणतीही वस्तू दुरुस्त व्हायच्या आधी एकदा माझ्या हातून नीट बिघडून घेते. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, सगळ्यांनी हा मान घेतला आहे. गेल्या हिवाळ्यात पाळी डिशची आली.

आंधळगावात आमचं घर विणकरांचं. माझी माय अजून मागावर बसते. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे संपावर गेलेले, पण कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं सूत तिच्या हातात आलं की आपोआप शहाण्यासारखं वागायला लागतं. मी मात्र विणकाम शिकलो नाही. (शिकवून पाहिलं होतं. तीन दिवसांत मी एवढा गुंता केला की चौथ्या दिवशी मायनं स्वतः मला शाळेत नेऊन बसवलं. माझ्या उच्च शिक्षणाचा पाया हा असा आहे!)

दिवाळी झाल्यावर एका वाहिनीचे लोक मायचं विणकाम दाखवायला घरी आले. नागपूरहून धाकटा भाऊ धनराजही मुद्दाम आला होता. दिवसभर धावपळ. मायला मागावर दाखवलं, धोटा दाखवला, रंगाची कढई दाखवली. कॅमेरेवाल्याला गच्चीवर, उघड्या आभाळाखाली सूत वाळताना हवं होतं, तेही जमवून दिलं. जाताना ते सांगून गेले की तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी चार वाजता कार्यक्रम लागेल.

"मोबाइलवर पण दिसेल, माय," मी म्हणालो.

"मोबाइलात तं बाजूच्या किसनाची म्हैसबी दिसते," माय म्हणाली. "मले टीव्हीवर पाह्यचं हाय. पन्नास वर्सं मान खाली घालून इनलं. इनतानी आपलं तोंड कसं दिसते, मले मालूमच नाही, बाबू."

हे ऐकून मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी पुढाकार घेतो. घरच्यांना त्याचीच भीती वाटते.

तिसऱ्याच दिवशी टीव्ही काळा झाला. 'सिग्नल उपलब्ध नाही.' सकाळी बरा असायचा, अकराच्या सुमारास जायचा आणि संध्याकाळी जसा काही चक्कर मारून आल्यासारखा परत यायचा. एखाद्या दिवशी मात्र दिवसभर ठणठणीत! माझी बायको सुनंदा म्हणाली, "अवो, मोहाडीच्या डिशवाल्याले फोन करा ना."

केला. तो म्हणाला, "सर, डिशच्या समोर काही आडवं येऊन राहिलं असन. पाहून घ्या."

"समोर आकाश आहे," मी म्हणालो. "आणि मी विज्ञानाचा शिक्षक आहे."

"हो सर," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या 'हो सर'मध्ये मला तेव्हा आदर ऐकू आला होता.

मग मी स्वतः संशोधनाला लागलो. पहिला संशय सूर्यावर. दुपारी ऊन वाढतं, सिग्नल जातो, म्हणजे सूर्याचा आणि आमच्या उपग्रहाचा काहीतरी वाद आहे, हे मी घरच्यांना आकृती काढून समजावलं. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी टीव्ही झकास चालला आणि आकृती फाडावी लागली. दुसरा संशय वानरांवर. एका शनिवारी शाळेतून आल्यावर अख्खी दुपार मी काठी घेऊन गच्चीवर बसलो. वानरं समोरच्या कौलांवर बसून माझ्याकडे पाहत होती. डिशमध्ये त्यांना रस नव्हता, माझ्यात होता. तिसरा संशय शेजारच्या किसनभाऊंच्या जांभळीवर. तिची एक फांदी आमच्या दिशेनं झुकलेली होती.

"मास्तर, हे झाड माह्या बापानं लावलं," किसनभाऊ म्हणाले.

"किसनभाऊ, मायच्या कार्यक्रमाचा प्रश्न आहे."

मायचं नाव घेतल्यावर त्यांनी कोयता आणला. स्वतःच्या हातानं त्यांनी फांदी तोडली आणि त्याच संध्याकाळी सिग्नल आला! मी किसनभाऊंना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो पुन्हा गेला. मग मी त्यांच्या दारावरून जायचं सोडलं, मागच्या बोळानं शाळेत जायला लागलो.

या सगळ्यात माय काळ्या पडद्याकडे बघायची, उठायची आणि मागावर जाऊन बसायची.

रविवार उजाडला. तीन वाजल्यापासून गल्ली आमच्या घरात. बायका नवी लुगडी नेसून, किसनभाऊ फांदीचं दुःख विसरून. सुनंदानं सगळ्यांसाठी पोहे केले. माय स्वतः विणलेलं कोशाचं पातळ नेसून टीव्हीसमोर पाटावर बसली. साडेतीनला पडदा काळा!

"कोणी घाबरू नका!" असं मी ओरडलो. (तोपर्यंत कोणी घाबरलं नव्हतं.) पाना घेऊन गच्चीवर धावलो. आमच्या गच्चीवर सूत नेहमीच वाळत असतं, त्या दिवशीही आडव्या बांबूवर लाल लड्या टांगलेल्या होत्या. त्या हातानं बाजूला सारून मी डिशपाशी पोचलो. खालून लगेच आरोळी, "आला!" मी खुशीत लड्या सोडल्या. "गेला!" पुन्हा लड्या सारून डिश डावीकडे फिरवली. "आला!" लड्या सुटल्या. "गेला!" हा खेळ चार वेळा झाला. विज्ञानात याला प्रयोग म्हणतात आणि प्रयोगातून निष्कर्ष काढतात. मी काढला: डिश अजून फिरवायला हवी!

निरोपाची साखळी अशी होती: टीव्हीसमोर माय, खिडकीत किसनभाऊ, जिन्यात सुनंदा, वर मी. मायनं 'आला' म्हटल्यावर ते माझ्यापर्यंत पोचेस्तोवर मी डिश वीतभर पुढे नेलेली असायची. शेवटी लड्या सारूनही कोणी 'आला' म्हणेना. मी पाना आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. पावणेचार झाले.  तीन आठवडे माय एका गोष्टीची वाट पाहत होती आणि ती गोष्ट मी वीतभर वीतभर करत दूर नेत होतो.

तेवढ्यात जिन्यात मायचा आवाज आला. "सुनंदा, गुरवारी सूत वाळू घातलं होतं का वं?"

"नाही माय. गुरवारी आपण लग्नाले गेलो होतो."

"गुरवारी टीव्ही दिवसभर चालला. मंगळवारी?"

"मंगळवारी हिरव्या लड्या होत्या."

"मंगळवारी गेला. अन् संध्याकाळी सूत वाळलं, तवा आला." मग एक एक पायरी चढत, कठडा धरून, दोन वर्षांत पहिल्यांदा माय गच्चीवर आली. येता येता थांबली, गुडघा चोळला, पुन्हा चढली. डिशसमोर टांगलेल्या ओल्या लड्यांवर तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "ओली लडी, काळा टीव्ही. काढ वं सुनंदा हे सारं."

मी तोंड उघडं टाकून उभा. पाण्यातून लहरी नीट जात नाहीत, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो! पण विणकराच्या घरात सूत कोणाला दिसतं? तीन आठवडे मी त्या लड्या पडद्यासारख्या सारून आत जात होतो आणि बिघाड आकाशात शोधत होतो.

"माय, तुला आधीच कळलं होतं?"

"दोन-चार दिवसांपासून वाटून राह्यलं होतं. पण म्हटलं, मास्तर पाहून राहिला. आपण कायले बोलाव? तू शिकेल हायेस." ती हे टोमणा म्हणून बोलली नाही, खरंच तसं मानत होती, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

लड्या निघाल्या तरी खालून आवाज नाही. मी डिशच फिरवून ठेवली होती ना! माय खांबाजवळ वाकली. "माही बोटं कुठं गेली?"

मला एकदम आठवलं. डिश बसवली तेव्हा मायनं तिची पूजा केली होती. आमच्याकडे नव्या वस्तूला कुंकवाची पाच बोटं लावतात. माय म्हणाली होती, कुंकू उडून जाते, आणि सुताच्या पक्क्या लाल रंगात हात बुडवून तिनं डिशची पकड जिथं खांबाला बसते तिथं, पकडीवरून खांबावर, पाच बोटं उभी ओढली होती. तेव्हा मी हसलो होतो. "माय, ही काय गाय आहे का?" आता ती पाच बोटं तुटली होती, अर्धी पकडीवर, अर्धी खांबावर, मधे इंचभर अंतर.

"बोटाले बोट मिळव," माय म्हणाली.

मी मिळवली. खालून किसनभाऊंची गर्जना, "आलाऽऽ!" चाराला तीन मिनिटं कमी होती. त्या क्षणी मला मायच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण हातात पाना होता.

"पण हा बांबू डिशच्या खांबाले बांधला कोणत्या शहाण्यानं?" सुनंदा म्हणाली. "शूटिंगच्या दिवसापासून हाय. मले वाटलं तुमीच सोय करून देली, माय."

"माहे गुडघे कुठं चढून देतेत? धनराजनं बांधला असन."

"धनराजच," मी तात्काळ म्हणालो. धनराज नागपूरला होता आणि मी मोठा भाऊ होतो.

कार्यक्रम लागला. पडद्यावर माय. मान खाली, हातात धोटा, ओठ मिटलेले. घरात पोह्याच्या चमच्याचाही आवाज नाही. माय बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मान डावीकडे झुकते माही. माह्या मायचीबी अशीच झुकत होती." तिचे डोळे भरले होते आणि माझेही. अशा बाईच्या पोटी मी आलो, याचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात पडद्यावर गच्ची आली. निळं आभाळ, लाल लड्या आणि डिशच्या खांबाला बांबू बांधणारा एक माणूस. गाठ मारून तो वळला आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसला. त्या दृश्यावर मायचा शूटिंगमधला आवाज: "मोठा पोरगा सायन्सचा मास्तर हाय. त्याले सगळंच समजते."

पूर्ण घर माझ्याकडे वळलं. किसनभाऊ म्हणाले, "मास्तर... माही जांभूळ?" खिशात फोन वाजला, नागपूरहून धनराजचा. मी उचलला नाही.

माय मात्र पडद्याकडेच पाहत होती. "बाबू," ती म्हणाली, "सिग्नल आता एकदम साफ हाय."

होताच. एवढं स्वच्छ चित्र आमच्या घरी कधीच आलं नव्हतं. मी मारलेल्या गाठीचे तिन्ही वेढे वेगवेगळे मोजता येत होते.