दोन नातींचा एक बाप्तिस्मा

आमच्या गोठ्याच्या आणि चर्चच्या मध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. शालूबाई पलीकडं झाडते, मी अलीकडं शेण काढतो, आणि आमच्या गप्पा चालतात. गप्पा म्हणजे काय, मी बोलतो आणि शालूबाई "हाव भाऊ, हाव भाऊ" करते. अशी निम्मी जिंदगी गेली आमची.

शालूबाई म्हणजे चर्चची राखणदार, त्याच आवारातल्या घरात राहणारी. मेहकर आणि हिवरा आश्रमाच्या मधल्या आमच्या या गावात इंग्रजाच्या काळातलं दगडी चर्च आहे, कौलारू, वर एक घंटा. नवरा दाऊद होता तोवर घंटेची दोरी त्याच्या हातात होती. तो गेल्यावर मंडळीनं ती हिच्या हातात दिली. आता मंडळी म्हणजे कोण, ते सांगतो. आमच्यात मंडळी म्हणजे बायको. त्यांच्यात मंडळी म्हणजे चर्चला येणारी सगळी घरं. पहिल्यांदा शालूबाई मला म्हणाली, "भाऊ, आज मंडळी नाराज हाये," तेव्हा मी घरात डोकावून पंचफुलाचं तोंड पाहून आलो होतो.

मला वाटायचं, चर्च म्हणजे रविवारी जायचं, गाणी म्हणायची, घरी यायचं. शालूबाईमुळे कळलं की तसं नाही. पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, बुलढाण्याहून येतात तो रविवार प्रभुभोजनाचा. त्या दिवशी मेजावर धुतलेलं पांढरं कापड, भाकर आणि द्राक्षरस. साहेब आले नाहीत तर नुसती सकाळची उपासना. ती मंडळीतला कोणीही वाचता येणारा माणूस पुस्तक धरून चालवतो, पण प्रभुभोजनाची भाकर त्यानं मोडायची नाही. संध्याकाळची उपासना लहान, दिवेलागणीची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, घंटा मुकी असते आणि दुपारभर उन्हात तापलेल्या कौलाखाली लोक उपाशी बसतात. लग्नाला घंटा धावत सुटते. कोणी गेलं तर एक टोला, मग माणूस श्वास रोखून बसेल इतका वेळ काही नाही, मग दुसरा. आमची जनावरंसुद्धा त्या टोल्याला कान टवकारतात.

मी काही वेळा आत जाऊनही बसलोय. एकदा राखेच्या बुधवारी गेलो. सगळे रांगेत उठले, मीही उठलो. पाळकसाहेबांनी कपाळावर राख लावली, मी हात जोडले. घरी आलो तर पंचफुला म्हणाली, "हे कोणत्या महाराजाचं भस्म आनलं?" आणि कापणीच्या सणाचं तर विचारूच नका. त्या दिवशी लोक शेतातलं काहीबाही आणून वाहतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी शेजारधर्म म्हणून एक काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, दिलं होतं. लिलावात बोली चढता चढता तेच काशीफळ माझ्याच गळ्यात पडलं.

पण मला सांगायचं आहे ते बाप्तिस्म्याचं.

शालूबाईची एकुलती एक लेक करिष्मा. जळगाव जामोदला दिलेली. जावई प्रेम भला माणूस, पण त्याची आई कोकिळाबाई म्हणजे पाजळलेला विळा. करिष्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटात जुळं. दिवस भरायला अवकाश होता, आणि एका दुपारी अचानक कळा सुरू झाल्या. उपकेंद्रातली नर्सताई धावत आली, गाडीला फोन गेला, पंचफुला भिंत ओलांडून पलीकडं गेली. हो, ओलांडून. या वयात. मी अलीकडंच उभा, बाप्याचं तिथं काय काम?

गाडी यायच्या आधीच पोरी आल्या. दोन्ही मुली, तळहाताएवढ्या, निळसर. पहिली रडलीच नाही. दुसरी मांजराच्या पिल्लासारखं एकदा कण्हून गप्प झाली.

आतून नर्सताईचा आवाज आला, "पाणी नका मागू आता मले, पोरीकडं पाहू द्या!"

मग शालूबाई दारात आली. तिचा असा चेहरा मी दाऊदच्या मातीलाही पाहिला नव्हता.

"भाऊ, तुमच्या माठातलं पाणी द्या. लवकर."

मी तांब्या भरून दिला. मागाहून कळलं ते असं. बाप्तिस्मा पाळकानंच द्यायचा असतो, पण जीव जायची वेळ आली आणि पाळक जवळ नसला तर कोणीही विश्वासी माणूस देऊ शकतो. हे तिला जुन्या पाळकांनी कधीतरी सांगून ठेवलं होतं. पाणी घालायचं, नाव घ्यायचं, आणि ठरलेले शब्द म्हणायचे. मी भिंतीवरून कानांनी ऐकलं:

"प्रेरणा, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते."

मग आत धावपळ, भांड्याचा आवाज. आणि पुन्हा तेच, "प्राची, पित्याच्या, पुत्राच्या..." शब्द एकही गळला नाही.

गाडी आली. पोरी आणि त्यांची माय बुलढाण्याला गेल्या. कितीतरी दिवस पोरी काचेच्या पेटीत होत्या. शालूबाई तिथं बाकावर, आणि इकडं चर्चची घंटा मी वाजवायचो, वाजवता येत नसताना. सकाळच्या उपासनेला लग्नाची घंटा वाजली म्हणून लोक अजून मला हसतात.

आणि जगल्या हो पोरी! दोन्ही जगल्या!

कोकिळाबाई दवाखान्यात आली. नातींना पाहून डोळे पुसले आणि लगेच विळा काढला. "पाळक असताना झाडू मारनाऱ्या बाईनं बाप्तिस्मा देल्ला म्हणते! आमाले इचारलं? नावं बी तुमीच ठेवली! ठीक हाये. पन विहीणबाई, यात येक जरी गोष्ट खोटी निघाली ना, तर माही सून माहेरची वाट इसरली समजा. पोरीबी दिसनार नाहीत."

शालूबाई म्हणाली, "हाव, विहीणबाई."

पोरी शालूबाईच्या घरी आल्या, अंगानं जरा धरल्या, तेव्हा पाळक आल्हाटसाहेबांनी एक रविवार ठरवला. घरी घाईत झालेला बाप्तिस्मा असला की मूल नंतर चर्चमध्ये आणायचं. तिथं पुन्हा पाणी घालत नाहीत, कारण बाप्तिस्मा माणसाचा एकदाच होतो. पाळक फक्त विचारतो, कोणी केला, कशानं केला, कोणत्या शब्दांनी केला, आणि मंडळी मुलाला आपलं म्हणते. झालं.

त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात पंचफुला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. एकदम थांबली.

"मी म्हणलं, आयका. त्या दिवशी प्रेरणाले पानी घालून शालूबाईनं तिले माह्या मांडीवर देल्लं. दुसरी बी माह्याच मांडीवर. मंग नर्सताईनं येक उचलली, पाठ चोळली, परत ठेवली. मंग शालूबाईनं प्राची म्हणून उचलली, ते कोनती?"

"दुसरी असन. अजून कोनती?"

"तिचं डोक्स्यावरचं फडकं ओलं होतं."

"जन्मलेलं पोर काय कोरडं येते का वं?"

"मांडीवर राह्यली तिचं फडकं कोरडं होतं," पंचफुला म्हणाली. "तुमचाच जुना टावेल फाडून मी दोघीले गुंडाळलं होतं. मले वाटते, पानी येकीवरच दोनदा पडलं."

मी म्हणालो, गप राहा. पण आमची मंडळी गप राहणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशी जाऊन सांगून मोकळी झाली. शालूबाईच्या हातातला झाडू जागच्या जागी थांबला. बराच वेळ तिनं डोळे मिटून हाताची बोटं हलवली, जणू ती दुपार पुन्हा हातांनी चाचपत होती.

"मले बी आठवत नाही, बाई," ती शेवटी म्हणाली. "तोंड पाह्यलंच नाही मी. निळी हाये का नाही, येवढंच पाह्यलं."

मी भिंतीवरून म्हणालो, "शालूबाई, हे आपल्या तिघात राहू द्या. रविवारी हो म्हणा अन् मोकळ्या व्हा. तुमची विहीण टपूनच बसली."

"भाऊ, गप राह्यली तर येक पोर तशीच राह्यते, बिनबाप्तिस्म्याची. बोलली तर लेक जाते." एवढं म्हणून ती झाडू लागली. तो आठवडाभर तिनं मला एकदाही "हाव भाऊ" म्हटलं नाही.

रविवार उजाडला. आम्ही नवराबायको मागच्या बाकावर. पुढं करिष्मा, तिच्या दोन्ही बाजूंना दोन पोरी सारख्याच पांढऱ्या झबल्यांत, बाजूला प्रेम, आणि काठापदराच्या पातळात कोकिळाबाई. शालूबाईनं घंटा वाजवली, दोरी खुंटीला बांधली आणि पुढं येऊन उभी राहिली. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड तिनंच पहाटे घासलं होतं, त्यात पाणीही होतं. लागणार नव्हतं, तरी भरलेलं होतं.

आल्हाटसाहेबांनी पुस्तक उघडलं.

"या मुलींचा बाप्तिस्मा कोणी केला?"

"म्या."

"कशानं?"

"पाण्यानं. पंजाबभाऊच्या माठातल्या."

"कोणते शब्द म्हटले?"

तिनं ते म्हणून दाखवले.

"दोघींसाठी म्हटले?"

शालूबाईनं कुंडातल्या पाण्याकडं पाहिलं. मी बाकाची कड घट्ट धरली. मनात म्हणतोय, हो म्हण माय, हो म्हण. पंचफुलानं माझा हात इतका दाबला की नखं रुतली. कोकिळाबाईची मान सावकाश वळली.

"साहेब," शालूबाई म्हणाली, "शब्द दोनदा म्हटले. पानी दोनदा घातलं. पन दोन पोरीवर घातलं का येकीवरच दोनदा, ते मले सांगता येत नाही. घाईत पोरी बदलल्या असतीन. मले ठाऊक नाही."

"आई!" करिष्मा ओरडली.

कोकिळाबाई उभीच राहिली. "आयकलं का प्रेम? मी काय म्हणत होती? साहेब, पुसून टाका ते सारं अन् दोघीचा नवा बाप्तिस्मा करा. आताच्या आता. अन् करिष्मा, सामान भर. आज संध्याकाळची गाडी."

प्रेम म्हणाला, "आई, बस ना जरा."

"काऊन बसू?"

आल्हाटसाहेबांनी पुस्तकावर हात ठेवला. "आजी, नवा करता येत नाही. एकीचा तर नक्की झालाय. तिचा पुन्हा केला तर पहिला खोटा ठरतो. माझ्या हातून ते होणार नाही."

"मंग दुसरीचा करा!"

"दुसरी कोणती, ते सांगा."

एक पोर रडायला लागली. साहेब पुस्तकाची पानं उलटत राहिले, पुढं, मागं. ती पानं उलटण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. करिष्मानं आईकडं पाहिलं नाही. शालूबाई तशीच उभी, पदराचं टोक मुठीत.

मग साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं. "अशा वेळेसाठी शब्द आहेत," ते म्हणाले. "तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर मी तुझा बाप्तिस्मा करतो. दोघींवर हेच म्हणू. जिचा झाला तिला ते लागू नाही, जिचा राहिला तिचा होईल."

"देवाच्या घरात जर-तर?" कोकिळाबाई म्हणाली. "सोयरिकीच्या बैठकीत बोलल्यावानी?"

"देवाला ठाऊक आहे कोणती ते. ठाऊक नाही ते आपल्याला, आजी. म्हणून जर-तर."

मंडळीत कोणीतरी मोठ्यानं "आमेन" म्हटलं. कोकिळाबाईनं ओठ आवळले. पण पोर कुंडापाशी न्यायचा आजीचा मान तिचा, तो ती सोडणार नव्हती.

"प्रेरणाला आणा," साहेब म्हणाले.

कोकिळाबाईनं एक पोर उचलली, तरातरा कुंडापाशी गेली आणि पुढं धरली. साहेबांनी ओंजळ भरली. "प्रेरणा, तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल..."

"सासूबाई, थांबा!" करिष्मा उठली. "ते प्राची हाये!"

साहेबांचा हात हवेतच. बोटांमधून पाणी कुंडात परत ठिबकलं. कोकिळाबाईनं हातातल्या पोरीचं तोंड पाहिलं, बाकावरच्या पोरीचं पाहिलं, पुन्हा हातातलीचं. दिवसाढवळ्या, भरल्या चर्चमध्ये, पोरी चांगल्या गुबगुबीत झाल्यावर! मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी नव्हतो. पंचफुला होती.

"हासू नका!" कोकिळाबाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "झबले बी येकसारखे घातले, तीट बी नाही लावली, तर माणसानं वळखावं तरी कसं?"

तिचेच शब्द तिलाच ऐकू आले असावेत. मग तिनं पोर करिष्माला दिली आणि दुसरी घेतली. "हेच ना? पक्कं?"

"पक्कं, सासूबाई."

प्रेरणाच्या डोक्यावर पाणी पडलं, तिनं टाहो फोडला. जन्मताना न फोडलेला टाहो, असं पंचफुला म्हणते. मग प्राचीची पाळी आली. कोकिळाबाई कुंडापासून हलली नाही, नुसती मान वळवून म्हणाली, "विहीणबाई, ते दुसरी तुमी आना. माह्यावर आता कोनाचा भरोसा नाही राह्यला."

शालूबाईनं प्राचीला उचललं. या खेपेला तिनं पोरीचं तोंड नीट पाहिलं, इतका वेळ की साहेबांना खाकरावं लागलं.

उपासना सुटल्यावर आम्ही सगळे शालूबाईच्या ओट्यावर. करिष्माची बॅग भरून दाराशी ठेवलेली. कोकिळाबाई चहा पीत होती, साखर कमी आहे म्हणून दुसऱ्यांदा मागवली. प्रेम घड्याळ पाहून म्हणाला, "आई, निघा लागन. गाडी हाये."

कोकिळाबाईनं दोन्ही पोरींना पाळीपाळीनं हातावर तोललं, जसं बाजारात वांगी तोलतात.

"दोघीची वजनं अजून भरली नाहीत," ती म्हणाली. "पंधरा दिवस अजून राहू द्या आजीपाशी. अन् विहीणबाई, कोनती कोन ते वळखाले येकीच्या हातात काळा दोरा बांधा, नाही तर पुढल्या खेपेले मी दुसऱ्याचंच लेकरू घेऊन जाईन."

"हाव, विहीणबाई," शालूबाई म्हणाली, आणि बॅग उचलून आत नेली.